तिसरा मजला: बाई दिसली नाही

४ मार्च

वकीलबाईंनी दोन वह्या दिल्या. एक कामाची, दुसरी ती भरली तर म्हणून. पहिली काही भरायची नाही, तिच्यात रोज एकच ओळ लिहायचीय. म्हणून दुसरी मी माझ्यासाठी ठेवली. चौथीत शाळा सोडली त्यानंतर भिंतींवरची मापं सोडून मी काही लिहिलेलं नाही. आईला वाचता येत नाही, आणि ती तिकडं बेटावर, मध्ये अख्खा समुद्र. तेव्हा इथं खरं लिहायला हरकत नाही.

काम असं आहे. सेन्योर विर्जीलिओ पेशोतो यांचं एक तीन मजली घर आहे, आजोबांकडून आलेलं. तळाला बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान. पहिला-दुसरा मजला रिकामा, छताचा गिलावा खाली आलेला. तिसऱ्यावर दोना इदालिना (दोना म्हणजे इकडं बाई), वय चौऱ्याऐंशी, भाडं एकसष्ट युरो, करार नवऱ्याच्या वेळचा. एक कंपनी घर विकत घ्यायला तयार आहे, पण तिला ते अख्खं रिकामं पाहिजे. आणि एवढ्या वयाच्या जुन्या भाडेकरूला कायद्यानं हलवता येत नाही.

"राहत असेल तर," वकीलबाई म्हणाल्या. "वर्षभर राहतच नसेल तर करार संपला. आमचं म्हणणं आहे की ती राहत नाही."

"मग कुठं राहते?"

"ते आपल्याला सिद्ध करायचं नाहीये. राहत नाही, एवढंच करायचंय."

मी दुकानात गिलावा करतोय असं दाखवायचं आणि वहीत लिहायचं, दिसली किंवा दिसली नाही. जूनच्या शेवटी वही कोर्टात जाईल. दिसली नाही त्या दिवशी पाच युरो जास्त. ते का, असं विचारलं तर म्हणाल्या, न दिसणं बघायला जास्त लक्ष लागतं. पटलं मला.

झोपायचंही दुकानातच. लिस्बनबाहेर एका खोलीत आम्ही सहाजण होतो, वरची फळी माझी आणि खालची जोवीनोची, त्यापेक्षा हे बरं. न्हाव्याची खुर्ची मागं पडते आणि तिचा पलंग होतो.

५ मार्च

अकरा वाजता वरून दोरीला बांधलेली टोपली आली. माझ्या नाकासमोर थांबली. आत नाणी आणि एक फडकं.

"ए सिमेंटवाल्या," वरून आवाज. "दोन पाव आण. करपलेले नको. बेकरीवाली देईल करपलेले, तर तिला म्हण तिच्या सासूला दे."

आणले. टोपली वर गेली. कामाच्या वहीत मी लिहिलं, दिसली.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. "काय दिसलं नक्की?"

"हात. टोपली ओढताना."

"हात म्हणजे बाई नव्हे, एडमिल्सन. हात कुणाचाही असतो. खोड."

खोडलं.

९ मार्च

आज पहिल्यांदा वर गेलो. गॅसची टाकी पोचवायला. अडुसष्ट पायऱ्या, त्यातल्या दोन नाहीत. म्हणूनच दोना दोन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. दार उघडं होतं. बाई लहानखुरी, काळे कपडे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणं असं की भिंतीत खिळा ठोकतायत. घरात सात बादल्या आहेत, छताखाली ठिकठिकाणी मांडलेल्या. प्रत्येकीला जागा नेमून दिलेली, जशी जेवायला बसलेली माणसं.

"भिंत कुठवर आली?"

"होतेय, दोना."

"सावकाश कर. जूनपर्यंत पुरली पाहिजे ना."

मी हो म्हटलं. जून त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. म्हाताऱ्या माणसांना अंदाज असतो.

निघताना म्हणाल्या, "लिहिता येतं का रे पोरा तुला?"

"थोडं."

"थोडंच पुरतं."

वहीत काय लिहावं हा प्रश्न पडला. बघितलं तर आहे, अगदी समोरासमोर. पण वकीलबाईंनी खिडकी बघायला सांगितलंय, आणि मी आत होतो तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. दिसली नाही, असं लिहिलं. रात्री झोप लागली पण लवकर नाही.

१७ मार्च

सेन्योर विर्जीलिओ स्वतः यायला लागलेत. माझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, असं ते म्हणाले, म्हणजे त्यासाठीच. एकाहत्तर वर्षांचे आहेत, टापटीप, बूट चकचकीत, आणि काखेत हिरवी उशी. बसायचा त्रास आहे. सकाळी साडेआठला ट्राममधून उतरतात, उशी खोक्यावर टाकतात आणि वर बघत बसतात. मी गिलावा करतो, तो वाळला की खरवडतो, मग पुन्हा करतो.

दुपारी टोपली आली. पावाचे पैसे नव्हते, भांडं होतं. चवळी आणि कोबीचं सूप, वाफ निघत होती. दोन चमचे.

सेन्योरांनी वर बघितलं नाही. "हे वहीत लिहू नकोस," म्हणाले. मग फुंकर मारत म्हणाले, "ही बाई इथं राहत नाही." दुसरा घोट घेतला. "तीळमात्र राहत नाही. मीठ अगदी बरोबर आहे."

२ एप्रिल

मला या देशात राहायच्या परवान्यासाठी रहिवासी दाखला लागतो. म्हणून वॉर्ड कचेरीत गेलो. भाडेकरार द्या किंवा त्याच वॉर्डात राहणाऱ्या दोघांच्या सह्या आणा, म्हणाले. माझा करार म्हणजे न्हाव्याची खुर्ची. दोना सही करतील का, विचारलं, तर कारकूनानं कागदात बघितलं आणि म्हणाला, त्यांचं राहणं वादात आहे, त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा.

"त्यांना तो कसा मिळेल?"

"इथं स्वतः यावं लागेल."

"त्या घराबाहेर पडत नाहीत."

"मग घरातच असतात याला पुरावा काय?"

"हाच की. बाहेर पडत नाहीत."

"बरोबर. तर तेवढं त्यांनी इथं येऊन सांगावं."

माणूस वाईट नव्हता. मला लिमलेटची गोळी दिली.

दोनांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. बराच वेळ बादल्यांकडं बघत राहिल्या. "पंचावन्न वर्षं," म्हणाल्या. "दोन पोरं इथं जन्मली, नवरा इथून गेला. आणि मला इथून कुठं जायचं ते ठरवायला मी आधी इथं असले पाहिजे, आणि इथं असायला कचेरीत गेलं पाहिजे." मग मला कांदे सोलायला बसवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचं. दोघांच्या.

३ एप्रिल

आज खुर्ची भिंतीकडं वळवून बसलो. दिवसभर खिडकीकडं पाठ. म्हणजे दिसली नाही हे निदान खरं तरी लिहिता येतं.

१२ एप्रिल

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा होती, भाड्यांवर मर्यादा ठेवावी की उठवावी यावर. सेन्योरांनी मला दोन फलक धरायला नेलं. एकावर 'छत कोण दुरुस्त करणार?', दुसऱ्यावर 'आम्ही जायचं कुठं?' मला वाटलं एक कुणा मित्राचा असेल.

उजवीकडं घरमालक, डावीकडं भाडेकरू, मधल्या वाटेत दोन पोलीस, पैकी एक जांभया देत होता. सेन्योर उजवीकडून उठले. म्हणाले, एकसष्ट युरोत आज चार कौलं येतात, लावायची मजुरी वेगळी. सरकारला म्हाताऱ्यांची दया येते तर सरकारनं ती स्वतःच्या खिशातून करावी, माझ्या का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. उजवीकडच्यांनी.

मग ते खाली बसले, उशी उचलली, वाट ओलांडली आणि डावीकडं जाऊन रांगेत उभे राहिले. पंधरा मिनिटांनी नंबर आला. तेव्हा मला कळलं की सेन्योर स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला, कबरस्तानाच्या ट्रामजवळ, जुन्या भाड्यानं राहतात. एकेचाळीस वर्षं. "माझी बायको त्या घरातच वारली," ते म्हणाले. "तिचं शिवणयंत्र अजून खिडकीशी आहे. मालक म्हणतो बाजारभाव द्या. एकाहत्तराव्या वर्षी मी बाजारात उभं राहायचं का? मघाशी त्या बाजूनं कुणीतरी कौलांचं रडगाणं गायलं. अशा माणसांना लाज नसते."

"तो तूच होतास रे," मागून एक बाई म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. मी त्याला ओळखतो."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "वेळ संपली."

"कुणाची?"

"दोघांची."

परतताना ट्राममध्ये त्यांनी उशी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "घर विकलं की मी माझं ते भाड्याचं घर विकत घेणार. मग मला कुणी हलवू शकणार नाही. म्हणून तर ही बाई हलली पाहिजे. समजतंय ना?"

समजलं. नीट समजलं आणि तरी डोकं दुखलं.

१३ एप्रिल

सगळं दोनांना सांगितलं. फलकांचंही. "विर्जीलिओ पंधरा-सोळाचा होता मी लग्न होऊन आले तेव्हा," म्हणाल्या. "बापाबरोबर पावती द्यायला यायचा. बाप पाऊस लागायच्या आधी स्वतः छतावर चढायचा, हा खालून शिडी धरायचा आणि रडायचा." मग म्हणाल्या, "एकसष्टात छत होत नाही हे मला कळतं. माझ्या पेन्शनीत एकसष्टच्या वर भाडं निघत नाही हे त्याला कळतं. दोघांनाही कळतं म्हणूनच हे भांडण मिटत नाही. एखादा मूर्ख असता तर केव्हाच मिटलं असतं."

२१ एप्रिल

रविवार. जोवीनोकडं गेलो. त्यानं कचुपा केली होती, आमच्या बेटावरची मक्याची उसळ, दाणे कच्चे. मोठ्या खुशीत होता. त्यालाही बसायचं काम मिळालंय. शहराच्या त्या टोकाला एका दारासमोर बाकावर बसायचं आणि भाडेकरू म्हातारा घरी असतो का ते लिहायचं. कुणा घरमालकाचं काम.

"भावा, यापेक्षा सोपं काम नाही," म्हणाला. "तो कधीच नसतो. सकाळी आठला काखेत हिरवी उशी घेऊन निघतो ते रात्रीपर्यंत पत्ता नाही. मी साडेपाचला उठतो बाकावरून. रोज लिहितो, गैरहजर. टपालवाला रजिस्टर पत्र घेऊन येतो, घंटा वाजवतो, चिठ्ठी लावून जातो. दोन झाल्या."

मला गंमत वाटली. आमच्या सेन्योरांकडंही तशीच उशी आहे म्हटलं. लिस्बनमधल्या म्हाताऱ्यांना बसायचा फार त्रास दिसतो. खुर्च्याच वाईट असणार.

२२ एप्रिल

जोवीनोच्या कामाची गंमत दोनांना सांगितली. त्या सूप ढवळत होत्या. पळी थांबली.

"उशी कसल्या रंगाची म्हणालास?"

"हिरवी."

"आणि रजिस्टर पत्रं?"

"दोन. चिठ्ठ्या दाराला तशाच."

"रजिस्टर पत्राला उत्तर द्यायची मुदत असते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं येतं तेव्हा मी टोपली सोडते, टपालवाला त्यात सहीचं पुस्तक ठेवतो, मी सही करते. ज्याच्याकडं टोपली नाही त्यानं घरी असावं."

मग त्यांनी कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरचा खारवलेला मासा काढला, नाताळसाठी ठेवतात तो. पाण्यात भिजत घातला. एप्रिलमध्ये. मी विचारलं तर म्हणाल्या, "मालकांना आवडतो का रे? विचार त्यांना. आणि पत्ते खेळतात का तेही विचार."

बाईचं मन मोठं आहे. जो आपल्याला घराबाहेर काढतोय त्याच्यासाठी कोण मासा भिजवतं?

२५ एप्रिल

पत्ते खेळतात. आज सुरुवात झाली. पत्ते टोपलीतून वर-खाली. दोना तीन पत्ते ठेवून घेतात, एक खाली पाठवतात. सेन्योर उशीवर बसून विचार करतात, एक वर पाठवतात. एका डावाला दीड तास लागतो. मी दोरी सरळ धरतो.

सेन्योर हरले. वरून दोना म्हणाल्या, "कागदावर घ्या. नाहीतर उद्या म्हणाल हरलोच नाही. पोरा, लिही."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: तारीख, तिसऱ्या मजल्याच्या दोना इदालिना यांच्याकडून हरलो, खेळ सातला थांबवला कारण मला घरी झोपायला जायचं आहे. खाली सेन्योरांची सही. कागद टोपलीतून वर गेला.

"एवढं लांबलचक कशाला?" सेन्योर म्हणाले.

"मी जुन्या चालीची आहे," वरून उत्तर आलं.

कामाच्या वहीत काय लिहू, मी विचारलं. सेन्योर वैतागून म्हणाले, "दिसली नाही. पत्ते दिसले. पत्ते कुणाचेही असतात."

१० मे

रोजचं झालंय. सकाळी कॉफी टोपलीतून. दुपारी जेवण. काल हरभरे आणि मासा, आज भात आणि बदकाचे तुकडे, ते बदक कुठून आणलं विचारायचं धाडस झालं नाही. मग पत्ते. जी बाई इथं राहत नाही तिच्याकडून सेन्योर सलग बारा दिवस हरलेत. रोज सही. कधी ते लवकर निघायला बघतात, म्हणतात घरी टपाल बघायचंय. की वरून टोपली येते, आत गरम केक.

"बसावं लागेल," ते म्हणतात. "थंड झाला तर अपमान होतो."

माझी भिंत आता वीतभर जाड झालीय. हल्ली खरवडत नाही, वरून नुसता थर चढवतो. दुकान लहान होत चाललंय. खुर्ची पूर्ण मागं पडत नाही.

२६ मे

जोवीनो म्हणाला तिसरं पत्र पण परत गेलं. मुदत संपली. त्याच्या मालकानं त्याला बियर पाजली. मी म्हटलं, बिचारा म्हातारा. जोवीनो म्हणाला, "बिचारा कसला, मजा मारत असेल कुठंतरी. सकाळी निघताना मिशीला कालचं कायतरी लागलेलं असतं."

दोनांना सांगितलं. त्यांनी ओव्हन बंद केला. मग म्हणाल्या, "आता केक पुरे." पण संध्याकाळी त्यांनी पुन्हा एक खाली पाठवला, साखर जास्त घातलेला. सेन्योर म्हणाले असा केक त्यांची बायको करायची. वर खिडकीतलं डोकं आत गेलं. त्या दिवशी दोना पहिल्यांदा हरल्या.

तरी कागद केलाच. जिंकलो, असं लिहून.

१० जून

सेन्योर आले ते साडेआठला नाही, अकराला. उशी नव्हती. बूट मळलेले. खोक्यावर तसेच बसले आणि किंचाळलेही नाहीत.

त्यांच्या मालकानं करार संपवलाय. तीन रजिस्टर पत्रं आली, यांनी एकही घेतलं नाही. आणि शिवाय एक वही आहे. बाकावर बसून कुणीतरी दीड-दोन महिने लिहिलंय, गैरहजर, गैरहजर, गैरहजर. म्हणणं असं की सेन्योर त्या घरात राहतच नाहीत.

"कोण हलकट माणूस असं काम करत असेल," सेन्योर म्हणाले.

मी थापी धुतली. आधीच धुतलेली होती.

वकीलबाईंना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. त्या म्हणाल्या, लढता येईल. दिवसा बाहेर असला तरी रात्री घरीच झोपता हे दाखवा. दिवसभर कुठं असता? कुणी साक्षीदार?

सेन्योरांनी तोंड उघडलं. मग वर बघितलं. मग मिटलं.

"बोला," वकीलबाई म्हणाल्या. "कुठं असता?"

"माझ्या घरात. म्हणजे माझ्या मालकीच्या. पत्ते खेळत."

"कुणाबरोबर?"

सेन्योर फोन हातात धरून खिडकीकडं बघत राहिले. मग वकीलबाई म्हणाल्या, "सेन्योर विर्जीलिओ, ती बाई तिथं असेल तर तुम्ही तुमच्या घरात राहता. ती नसेल तर तुम्हीही नाही. दोन्ही फायली मी एकदम लढवू शकत नाही. एकीत जे बोलेन त्यानं दुसरी कापली जाईल. कुठली ते कळवा."

संध्याकाळपर्यंत ते तसेच बसले. दुपारी टोपली आली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा. खिडकी मात्र उघडी होती आणि तिथं दोना उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीवर, अख्ख्या दिसतील अशा.

मी वहीत काहीच लिहिलं नाही.

११ जून

सकाळी सेन्योर आले आणि खोक्यावर न बसता गल्लीच्या मधोमध उभे राहिले.

"दोना इदालिना."

"मालक."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी तर इथं राहतही नाही."

सेन्योर खाली बघू लागले. "एकेचाळीस वर्षं," म्हणाले. "यंत्र कुठं ठेवणार मी?"

वर कपाट उघडल्याचा आवाज आला. मग टोपली सुटली. आत कागदांचा गठ्ठा, केसांच्या रिबिनीनं बांधलेला. सगळे हरल्याचे. वर एक जिंकल्याचा.

"बेचाळीस आहेत," दोना म्हणाल्या. "प्रत्येकावर तारीख. प्रत्येकावर लिहिलंय की सातला घरी झोपायला जातो. मी साक्ष देईन. माणूस पत्ते वाईट खेळतो, पण रोज घरी जातो."

सेन्योरांनी वरचा कागद वाचला, मग दुसरा, मग तिसरा. "आणि प्रत्येकावर लिहिलंय," ते हळू म्हणाले, "तिसऱ्या मजल्याच्या दोना इदालिना. माझी सही."

"हो का?" वरून. "माझे डोळे अधू आहेत. लिहिणाऱ्यानं लिहिलं असेल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, मला सांगितलं ते मी लिहिलं. हेच खरं आहे.

सेन्योर मधल्या वाटेत उभे होते, ना उजवीकडं ना डावीकडं. कंपनीचा भाव एका बाजूला आणि शिवणयंत्र एका बाजूला. मी बघत होतो. त्यांनी गठ्ठा कोटाच्या आत घातला, छातीशी, आणि वर बघून म्हणाले, "तो एक डाव मी जिंकलो होतो. ते खरं होतं की तुम्ही सोडलात?"

"पत्ते चांगले आले नाहीत," दोना म्हणाल्या. "जेवणार का?"

पत्ते चांगलेच होते. मी दोरी धरलेली, टोपलीत मला दिसले होते. पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

१४ जून

काल संत अंतोनियोचा सण. सगळ्या गल्लीत सार्डिन मासे भाजत होते, धुरात माणूस दिसत नव्हता. सेन्योर सबज्याची कुंडी घेऊन आले, कागदी फूल लावलेली. टोपलीत ठेवायच्या आधी तिच्यात नाक घातलं.

"नाक नाही," वरून ओरड आली. "हात फिरवा आणि हात हुंगा. नाक लावलं की मरतं ते. एवढंही कळत नाही, आणि म्हणे घरमालक."

सेन्योरांनी हात हुंगला. वॉर्ड कचेरीचा कारकूनही आला होता सार्डिन खायला. त्यानं मान मागं टाकून खिडकीतल्या दोनांकडं बघितलं, चांगला पाच मिनिटं. मग म्हणाला, आता वाद उरला नसेल तर मालकांची सही चालेल, बाईंसाठीही आणि माझ्या दाखल्यालाही, बाईंनी खाली यायची गरज नाही.

२३ जून

रविवार. जोवीनोचं काम गेलं. चिडलाय. "सगळं लिहिलं होतं मी," म्हणाला. "पन्नास दिवस गैरहजर. आणि म्हाताऱ्यानं काय आणावं? पत्त्यांचे कागद. बेचाळीस. कुठल्यातरी म्हातारीकडून हरल्याचे. मालकाच्या वकिलानं ते बघितले आणि म्हणाला, एवढ्या वेळा हरल्याचं कुणी खोटं लिहीत नाही. घेतलं मागं."

मी म्हटलं, आमच्याकडंही असंच काहीतरी झालं. लिस्बनमध्ये लोक फार पत्ते खेळतात.

जोवीनोनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मी कचुपा खाल्ली. काही गोष्टी विचारल्या की कळतात, म्हणून मी विचारत नाही.

२५ जून

आज वही कोर्टात जायची होती. गेली नाही. वकीलबाईंनी सांगितलं, जाळून टाक, आणि पाच-पाच युरो परत मागितले नाहीत. बाई सरळ आहे.

सेन्योर आता आठवड्यातून दोनदा येतात, मंगळवार आणि शुक्रवार, आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत जातात, टपालासाठी. शिडी आणलीय. छतावर मी चढतो, ते खालून धरतात. कौलं एका पाडलेल्या घराची आहेत. बादल्या सातच्या चार झाल्या. भाडं एकसष्टच, पण सेन्योर म्हणतात पत्त्यांत वसूल करणार. अजून तरी जमलेलं नाही.

दुकानातली भिंत इतकी जाड झालीय की खुर्ची मावत नाही. दोना म्हणाल्या, भाडेकरूला घरात पाहुणा ठेवायची कायद्यात मुभा आहे, धाकट्या पोराची खोली रिकामी आहे, तू ये, पायऱ्या दोन बसवून दे. म्हणून सामान वर नेलं. एक पिशवी आणि थापी. खिडकीतून गल्ली वेगळीच दिसते. दुकानाचं दार तर इतकं स्पष्ट दिसतं की आत बसलेला माणूस काय लिहितोय तेही वाचता येईल, डोळे चांगले असतील तर. दोनांचे नाहीत, म्हणून बरं.

मग कचेरीत जाऊन दाखला आणला. माझ्या नावाचा, शिक्क्यासकट. त्यावर दोन सह्या आहेत, दोना इदालिनांची आणि विर्जीलिओ पेशोतोंची.

कामाची वही जाळायच्या आधी एक पान उघडलं. आजची ओळ राहिली होती. ती वरच बसून लिहिली, खिडकीशी, दोना मागं कांदा चिरत होत्या.

तिसरा मजला: बाई दिसली. मीही.